चढउतार सांगणारी इंग्रजी क्रियापदे

जयपूरच्या तटबंदीच्या जुन्या शहराबाहेर सिव्हिल लाइन्स नावाची वस्ती आहे. राजस्थानच्या राज्यपालांचे व मुख्यमंत्र्यांचे निवासस्थान ह्याच भागात असून, २०१५ साली सुरू झालेल्या मेट्रो रेल्वेचे एक स्थानकही तेथे आहे. जयपूरच्या इतर बहुतेक भागांप्रमाणे ह्या वस्तीची तहानही मुख्यतः बिसलपूरच्या धरणावर भागते. हे धरण टोंक जिल्ह्यात बनास नदीवर, शहरापासून सुमारे १२० किलोमीटर अंतरावर बांधलेले आहे. उन्हाळा संपत आला की धरणातील पाण्याच्या पातळीची बातमी जयपूरच्या घराघरांत लक्षपूर्वक वाचली जाते.

अशा एका घरात इंग्रजी वृत्तपत्र येते आणि शहराचा पाणीपुरवठा ‘कट बॅक’ होणार असल्याचे त्यात छापलेले आहे, अशी कल्पना करू. घरातील शाळकरी मुलगा ‘कट’ हा शब्द ओळखतो आणि ‘उद्यापासून पाणी तोडणार’ असे सर्वांना सांगतो. हंडे, कळश्या, पिंपे, बादल्या, सर्व काही काठोकाठ भरले जाते. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येतेच. मात्र नेहमीपेक्षा थोडा वेळ कमी. मुलाचे चुकले कोठे? ‘कट बॅक’ म्हणजे कपात करणे. पाणी पूर्णपणे तोडावयाचे असते तर ‘कट ऑफ’ असे छापले गेले असते. क्रियापद दोन्ही ठिकाणी एकच आहे. अर्थ पालटला तो त्याच्या पाठीमागून आलेल्या लहानशा शब्दामुळे.

उलट चूक अधिक महाग पडते. ‘कट ऑफ’ वाचून जो केवळ कपात समजला, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी पिण्यापुरतेही पाणी उरणार नाही. म्हणून वाढ आणि घट सांगणाऱ्या ह्या क्रियापदांचा अभ्यास परीक्षेपुरता नाही. धरणाची पातळी, धान्याचे भाव, रोगाची साथ, लोकसंख्या ह्यांविषयीची माहिती ज्याला इंग्रजीतून वाचावी लागते, त्या प्रत्येकाला तो आवश्यक आहे.

जोडक्रियापद म्हणजे काय?

‘गो’, ‘कट’, ‘फॉल’, ‘रन’ ह्यांसारख्या साध्या क्रियापदानंतर ‘अप’, ‘डाउन’, ‘ऑफ’, ‘आउट’, ‘बॅक’ ह्यांपैकी एखादे अव्यय जोडले जाते आणि दोहोंचा मिळून एक अर्थ होतो. अशा जोडीला येथे जोडक्रियापद म्हटले आहे. काळ बदलला की क्रियापदाचे रूप बदलते, अव्यय मात्र तसेच राहते. ‘गो अप’ चे भूतकाळी रूप ‘वेन्ट अप’ होते.

ह्या जोड्या परकीयांना अवघड जातात, हे इंग्रज पंडितांनी फार पूर्वी ओळखले होते. सॅम्युएल जॉन्सन ह्यांनी १७५५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत ह्या अडचणीचा मुद्दाम उल्लेख केला आणि अशा अनेक जोड्या कोशात नोंदविल्या. त्यांना आज जे इंग्रजी पारिभाषिक नाव आहे, ते लोगन पिअर्सल स्मिथ ह्यांच्या १९२५ सालच्या ग्रंथामुळे रूढ झाले.

मराठी वाचकाला ही रचना वाटते तितकी अपरिचित नाही. ‘वाढणे’ आणि ‘वाढत जाणे’, ‘संपणे’ आणि ‘संपत येणे’, ‘आटणे’ आणि ‘आटून जाणे’ ह्यांतील सूक्ष्म भेद मराठी मनुष्य सहज जाणतो. तेथेही मुख्य धातूला मागून येणारा लहानसा शब्द अर्थाची छटा ठरवितो.

तीन प्रश्न

वाढ किंवा घट सांगणारे जोडक्रियापद समोर आले की तीन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न दिशेचा : बदल वर होत आहे की खाली? दुसरा वेगाचा : तो हळूहळू होत आहे की एकाएकी? तिसरा शेवटाचा : बदल चालू आहे, थांबला आहे, की वस्तूच संपली आहे? ‘इन्क्रीज’ आणि ‘डिक्रीज’ हे एकेरी शब्द केवळ पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. जोडक्रियापदे पुष्कळदा दोन किंवा तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकदम देतात. त्यांचे बळ ह्यातच आहे, आणि वाचकाची फसगतही येथेच होते.

‘अप’ : वर जाणे, आणि पूर्ण होणे

‘गो अप’ ही सर्वांत साधी जोडी होय. ती फक्त दिशा सांगते. भाव, तापमान, पातळी, भाडे, सर्वांना ती चालते. ‘शूट अप’ मध्ये बाण सुटावा तसा वेग आहे. मराठीत भाव ‘कडाडले’ म्हणतात तेथे ही जोडी शोभते. ‘क्रीप अप’ ह्याच्या अगदी उलट आहे. ‘क्रीप’ म्हणजे सरपटणे. जी वाढ रोज पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, पण वर्षअखेरीस जाणवते, तिला हा शब्द योग्य. ‘बिल्ड अप’ म्हणजे थरावर थर बसून साठत जाणे. धरणातील गाळ किंवा हवेतील धूर ह्यांविषयी तो येतो. ‘पिक अप’ म्हणजे मंदावलेली गोष्ट पुन्हा जोर धरू लागणे. पावसाने ओढ दिल्यानंतर तो पुन्हा सुरू झाला, तर ही जोडी वापरतात. आधी काही तरी मंद झाले होते, हे तिच्यात गृहीत असते.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. ‘अप’ चा दुसरा अर्थ ‘पूर्णपणे’ असा आहे, आणि त्या अर्थाने तो घटीच्या बाजूलाही उभा राहतो. ‘ड्राय अप’ म्हणजे पूर्णपणे आटून जाणे. ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपविणे. ‘अप’ दिसला की वाढ, असा नियम करून बसणारा विद्यार्थी येथे नेमका उलट अर्थ करील.

जयपूरच्या इतिहासात ह्याचे ठळक उदाहरण आहे. शहराच्या ईशान्येस सुमारे ३० किलोमीटरवर बाणगंगा नदी अडवून रामगढचा तलाव बांधण्यात आला होता. जयपूरला अनेक दशके त्याचे पाणी मिळाले. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयनाच्या शर्यतीही तेथेच झाल्या. पुढे पाणलोट क्षेत्रातील प्रवाहांत अडथळे निर्माण झाले, आवक घटत गेली आणि तलाव कोरडा पडला. ह्या घटनेचे वर्णन इंग्रजीत ‘ड्राइड अप’ असे करतात. ज्या पाण्यावर होड्यांच्या शर्यती झाल्या, ते पाणी ‘वर’ गेले नाही, ते नाहीसे झाले. २००९ पासून जयपूरला बिसलपूरचे पाणी मिळू लागले, त्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

‘डाउन’ : खाली येणे, आणि मंद होणे

‘गो डाउन’ आणि ‘कम डाउन’ दोन्ही घट सांगतात. वाढलेली गोष्ट मूळ स्थितीकडे परत येत असेल तेव्हा ‘कम डाउन’ विशेष शोभते. चढलेले भाव उतरले, तर ते ‘केम डाउन’. ‘डाय डाउन’ जोराविषयी आहे : वादळ, आग, गलबला, उत्साह ह्यांचा आवेग ओसरतो तेव्हा तो येतो. मराठीत वादळ ‘शमते’ आणि वारा ‘पडतो’. इंग्रजीत दोहोंना ही एकच जोडी पुरते. ‘रन डाउन’ म्हणजे साठा वापरत वापरत कमी होऊ देणे.

‘स्लो डाउन’ चा स्वभाव मात्र निराळा आहे. तो वस्तूची घट सांगत नाही, तिच्या वेगाची घट सांगतो. ह्या एका जोडीने जितके वाचक फसतात तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या जोडीने फसत असतील; म्हणून तिचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

‘ऑफ’ आणि ‘आउट’ : शेवटाची अव्यये

‘ऑफ’ च्या मुळाशी सुटण्याची, दूर होण्याची कल्पना आहे. ‘फॉल ऑफ’ आणि ‘ड्रॉप ऑफ’ म्हणजे संख्या किंवा प्रमाण गळत जाणे. सभेची उपस्थिती, दुकानातील गिऱ्हाईक ह्यांविषयी हे शब्द येतात. ‘टेल ऑफ’ मध्ये ‘टेल’ म्हणजे शेपूट. शेपूट जशी टोकाकडे निमुळती होते, तशी संथपणे होणारी घट ह्यात दिसते. सप्टेंबरच्या अखेरीस पाऊस असाच कमी होतो. ‘टेक ऑफ’ मात्र विमानाच्या उड्डाणावरून आलेला असून तो जोरदार वाढ सांगतो. ‘ऑफ’ म्हणजे घट, असाही सरसकट नियम नाही, हे ह्यावरून स्पष्ट होते.

‘लेव्हल ऑफ’ ह्या जोडीकडे विशेष लक्ष द्यावे. चढणारी किंवा उतरणारी रेषा आडवी होते, बदल थांबतो, पातळी स्थिर होते, असा तिचा अर्थ आहे. ‘धरणाची पातळी लेव्हल ऑफ झाली’ ह्याचा अर्थ पाणी उतरले असा नव्हे, आणि धरण भरले असाही नव्हे. पातळी कोठे स्थिरावली, ते पुढचे वाक्य सांगेल.

‘आउट’ पुष्कळदा शेवटापर्यंत पोचल्याचे सांगतो. ‘रन आउट’ म्हणजे साठा संपणे. ‘डाय आउट’ म्हणजे समूळ नाहीसे होणे. म्हणून ‘डाय डाउन’ आणि ‘डाय आउट’ ह्यांत गल्लत करू नये. रोगाची साथ ओसरणे वेगळे आणि रोगाचे नाव उरू न देणे वेगळे. ‘पीटर आउट’ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील खाणींच्या प्रदेशात प्रचारात आला. धातूची शीर बारीक होत होत संपते, तसा तो शेवट असतो. ‘बॉटम आउट’ म्हणजे तळ गाठणे : घसरण थांबली आहे, ह्याहून खाली गोष्ट गेली नाही. जो वाचक ह्याचा अर्थ ‘कोसळले’ असा करील, त्याला वाईट बातमी दिसेल. वास्तविक बातमी काहीशी आशेची असते.

धरणाचे एक वर्ष

आतापर्यंत पाहिलेली क्रियापदे एकत्र कशी उभी राहतात, हे बिसलपूरच्या एका वर्षाच्या चक्रावरून ध्यानात येईल. ह्या धरणाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ३१५.५० मीटर आहे. पाऊसमान चांगले असलेल्या एखाद्या वर्षाचा आलेख डोळ्यांपुढे आणावा.

जूनमध्ये पातळी सर्वांत खाली असते. उन्हाळाभर ती ‘गो डाउन’ होत आलेली असते. पावसाच्या पहिल्या सरींनंतर घसरण थांबते, म्हणजे पातळी ‘बॉटम आउट’ होते. जुलैमध्ये बनास व तिच्या उपनद्यांतून पाणी येऊ लागते. आवक ‘पिक अप’ होते आणि पातळी आरंभी ‘क्रीप अप’ होते. ऑगस्टमध्ये पाणलोट क्षेत्रात जोराचा पाऊस झाला की थोड्याच दिवसांत पातळी ‘शूट अप’ होते. धरण ‘फिल अप’ झाले, म्हणजे पूर्ण भरले, की दरवाजे उघडावे लागतात. सप्टेंबरात पाऊस ‘टेल ऑफ’ होतो आणि पातळी ‘लेव्हल ऑफ’ होते. त्यानंतर पिण्यासाठी व शेतीसाठी पाणी घेतले जाते, काही बाष्प होऊन जाते, आणि साठा पुढच्या जूनपर्यंत ‘रन डाउन’ होत राहतो. पाऊस फसला, तर पुरवठा ‘कट बॅक’ करावा लागतो; साठा ‘रन आउट’ होऊ नये, हाच त्यामागील हेतू असतो.

एका आलेखाच्या प्रत्येक वळणाला असे स्वतंत्र क्रियापद आहे. केवळ ‘वाढले’ आणि ‘कमी झाले’ ह्या दोन शब्दांनी हे चित्र उभे राहिले नसते.

वाढ मंदावणे म्हणजे घट नव्हे

आता ‘स्लो डाउन’ कडे वळू. त्याचे उत्तम उदाहरण जनगणनेत सापडते. १९९१ ते २००१ ह्या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या २२.७३ टक्क्यांनी वाढली. २००१ ते २०११ ह्या दशकात ती १५.९९ टक्क्यांनी वाढली. वाढ ‘स्लो डाउन’ झाली, असे इंग्रजी वृत्तांत म्हणतो. घाईने वाचणारा ‘डाउन’ पाहतो आणि महाराष्ट्राची लोकसंख्या घटली असे समजतो. प्रत्यक्षात ती ९.६९ कोटींवरून ११.२४ कोटींवर गेली, म्हणजे दीड कोटीहून अधिक माणसे वाढली. टेकडी चढणारा मनुष्य दमून सावकाश चालू लागला, तरी तो चढतच असतो.

खरी घट त्याच जनगणनेत अन्यत्र आढळते. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ३३.३८ लाख होती, ती २०११ साली ३०.८५ लाख झाली. रत्नागिरी जिल्ह्यात ती १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. सिंधुदुर्गातही घट झाली. ह्या ठिकाणी ‘वेन्ट डाउन’ हा शब्द योग्य आहे. ह्याच काळात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या ८१.३२ लाखांवरून ११०.६० लाखांवर गेली. पालघर हा स्वतंत्र जिल्हा २०१४ साली झाला, त्यापूर्वीचे हे आकडे आहेत. दहा वर्षांत ३६ टक्के वाढ, म्हणजे ‘शॉट अप’. एकाच राज्यात, एकाच दशकात ही तिन्ही क्रियापदे सार्थ ठरतात. त्यांची अदलाबदल केली, तर शाळा कोठे हव्यात आणि पाण्याच्या योजना कोठे हव्यात, ह्याविषयीचा वाचकाचा तर्कच चुकेल.

संपूर्ण भारताच्या बाबतीत दशकभरात लोकसंख्या खरोखर खाली आल्याचे उदाहरण जनगणनेच्या नोंदींत एकच आहे. १९११ साली २५.२१ कोटी असलेली लोकसंख्या १९२१ साली २५.१३ कोटी झाली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने घेतलेले प्रचंड बळी हे त्याचे प्रमुख कारण होते.

‘बाय’ आणि ‘टू’

जोडक्रियापद नीट समजले, तरी त्यापुढील आकडा वाचताना आणखी एका लहान शब्दाकडे पाहावे लागते. ‘बाय’ किती फरक पडला ते सांगतो. ‘टू’ कोठवर पोचले ते सांगतो. तलावातील पाणी १० मीटर खोल होते, असे समजू. खोली ‘बाय २ मीटर’ खाली आली तर ८ मीटर पाणी उरले. ‘टू २ मीटर’ खाली आली तर केवळ २ मीटर उरले. मराठीत ‘दोन मीटरांनी’ आणि ‘दोन मीटरांवर’ हा भेद विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यय करतात.

टक्केवारीत अधिक दक्षता हवी. राजस्थानातील साक्षरता १९९१ साली ३८.५५ टक्के होती. २००१ साली ती ६०.४१ टक्क्यांवर गेली; ही झेप ‘शॉट अप’ ह्या शब्दास पात्र आहे. २०११ साली ती ६६.११ टक्के झाली. वाढ ‘स्लो डाउन’ झाली, साक्षरता कमी झाली नाही. ह्या दुसऱ्या दशकातील फरक ५.७ टक्केबिंदूंचा आहे. मूळ ६०.४१ च्या तुलनेने पाहिल्यास तीच वाढ सुमारे ९.४ टक्के भरते. दोन्ही आकडे बरोबर आहेत. कोणता सांगितला आहे, हे वाचकाने पाहावे.

आपोआप होणे आणि करणे

मराठीत ‘भाव वाढले’ आणि ‘भाव वाढविले’ असा भेद धातूच्या रूपानेच होतो. इंग्रजीत त्यासाठी बहुधा क्रियापदच बदलते. भाडे आपण होऊन ‘गो अप’ होते. घरमालक ते ‘पुट अप’ करतो. ताप ‘गो डाउन’ होतो. औषध तो ‘ब्रिंग डाउन’ करते. ‘पुट अप’ आणि ‘ब्रिंग डाउन’ ह्यांना कर्म लागते, आणि कर्म जर सर्वनाम असेल तर ते मधेच बसते : ‘पुट इट अप’ शुद्ध, ‘पुट अप इट’ अशुद्ध. जबाबदारी कोणाची, हेही ह्यामुळे कळते. भाव ‘वेन्ट अप’ असे लिहिणारा कर्त्याचे नाव टाळतो. ‘पुट अप’ लिहिणाऱ्याला ते सांगावे लागते.

ही बहुतेक क्रियापदे बोलण्यात आणि वृत्तपत्रांत अधिक आढळतात. शास्त्रीय निबंधात ‘राइज’, ‘डिक्लाइन’ असे एकेरी शब्द पसंत केले जातात. ‘लेव्हल ऑफ’ सारख्या काही जोड्यांना मात्र तेथेही स्थान आहे, कारण तितका नेमका एकेरी शब्द सहज सापडत नाही.

समारोप

भाषांतर करताना ‘वाढले’ किंवा ‘कमी झाले’ लिहून सुटका करून घेण्याचा मोह होतो. मराठीची संपत्ती तेवढीच नाही. भाव चढतात, कडाडतात, उतरतात, कोसळतात; पूर ओसरतो, झरा आटतो, उत्साह मावळतो, तेल सरते, वेग मंदावतो, पाऊस पुन्हा जोर धरतो. इंग्रजी जोडीतील दिशा, वेग आणि शेवट ओळखले, की त्यांना जुळणारा मराठी शब्द बहुधा घरातच सापडतो. सिव्हिल लाइन्समधील त्या मुलाने दुसऱ्या खेपेस ‘कट’ बरोबर ‘बॅक’ ही वाचला, तर तो घरच्यांना ‘पाण्यात कपात होणार आहे, जपून वापरू या’ असे सांगेल. पाणी त्या दिवशीही थोडेच येईल. पण घरातील माणसांना नेमके काय करावयाचे, ते ठाऊक असेल.

अभ्यासासाठी

१. ‘ड्राय अप’, ‘यूज अप’ आणि ‘गो अप’ ह्यांतील ‘अप’ चा अर्थ प्रत्येक ठिकाणी सांगा.

२. गावातील साथ ‘डाय डाउन’ झाली आणि ‘डाय आउट’ झाली, ह्या दोन विधानांत काय फरक आहे? कोणत्या विधानानंतरही लस टोचणे चालू ठेवावे लागेल?

३. पेट्रोलच्या भावाची वाढ ‘स्लो डाउन’ झाली. भाव पूर्वीपेक्षा कमी आहे की जास्त? कारण द्या.

४. विहिरीची पातळी ६ मीटर होती. ती ‘बाय ४ मीटर’ उतरली आणि ‘टू ४ मीटर’ उतरली, ह्या दोन्ही प्रसंगी उरलेले पाणी किती?

५. आपल्या गावातील नदी, तलाव किंवा विहीर ह्यांच्या पाण्याचा वर्षभराचा आलेख काढा आणि त्याच्या प्रत्येक वळणावर योग्य मराठी व इंग्रजी क्रियापद लिहा.